सूचना : दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढलेल्या नावांचे टेकू

तापीकाठी नावा वर काढणाऱ्या सर्व सभासदांसाठी.

नावेचं वजन तळाच्या मुख्य वाशावर, म्हणजे कीलवरच बसलं पाहिजे. बाजूचे टेकू फक्त तोल राखायला असतात. कीलखाली दर 4-5 फुटांवर लाकडी ठोकळे, एक थर आडवा, एक उभा. विटा किंवा दगड नकोत, भाराखाली अचानक फुटतात.

आपल्याकडची काळी माती ओली असताना खचते, वाळताना भेगाळते. म्हणून प्रत्येक टेकूखाली दीडेक फूट रुंद, 2 इंच जाड फळी टाकाच. टेकू आतल्या फासळीच्या (नावेला आतून आकार देणाऱ्या वाकड्या लाकडाच्या) रेषेत लावा. नावेच्या नुसत्या फळीवर लावला तर ती फळी आत दबते. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधा, नाहीतर खालून सरकतात. ताडपत्रीची दोरी टेकूला बांधू नका, वाऱ्याने टेकू निसटतो.

फासळी किंवा तळफळी काढण्याआधी शेजारी जादा टेकू द्या. जागा बदलायची तर एका वेळी एकच टेकू, आणि नवा बसल्यावरच जुना काढायचा. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून खूण करून ठेवा. दोरी आणि खुणेतलं अंतर बदललं तर काम थांबवा, नाव वाकतेय. टेकूंना मारलेल्या पाचरी रोज सकाळी तपासा. टेकू तपासल्याशिवाय नावेखाली कुणी शिरू नये.