सही माफ

ति. आई आणि बाबांना,
सा. न.

परवा फोनवर आवाज तुटत होता आणि त्यात मी घाईघाईत "सईचं ग्रीन कार्ड बदलायला दिलंय" एवढंच बोलले आणि फोन कट झाला, त्यानंतर आईचे तीन मिस्ड कॉल आणि बाबांचा तो लांबलचक मेसेज, वर पेपरातल्या बातमीचा फोटो. तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. म्हटलं आता नीट बसून लिहावं, कारण फोनवर सांगायला गेलं की आई मधेच "पण काही काळजीचं नाही ना" असं दहा वेळा विचारते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते.

तर आधी तेच सांगते. काळजीचं काही नाही, आम्ही डिसेंबरात येतोय, बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिघंही असणार आहोत.

आता बाबांसाठी सविस्तर, कारण त्यांना नियम क्रमांकासकट लागतो. लहान मुलाला इथे अमेरिकेत कायम राहायचं ग्रीन कार्ड मिळतं तेव्हा त्याच्या बोटांचे ठसे घेतलेले नसतात, सही पण घेतलेली नसते. सईचं कार्ड तुम्ही इथे आला होतात तेव्हा बघितलंय, गोबरे गाल आणि समोरचा एक दात अर्धाच आलेला. त्या वयात सही माफ. मूल चौदा वर्षांचं झालं की ही माफी संपते. चौदाव्या वाढदिवसापासून ३० दिवसांच्या आत आय-९० नावाचा फॉर्म भरायचा, मग बोलावतात तिथे जाऊन ठसे, फोटो आणि सही द्यायची आणि मग नवीन कार्ड पोस्टाने घरी येतं. नंबर तोच राहतो, हक्क तेच राहतात. आपल्याकडे नाही का दादाच्या अथर्वला पंधरा पूर्ण झाल्यावर आधारसाठी परत बोटं आणि डोळे द्यायला नेलं होतं, तसंच आहे हे.

बाबा, तुम्ही पाठवलेली बातमी खरी आहे पण ती वेगळ्या लोकांबद्दल आहे. २०२५ च्या एप्रिलपासून इथे ज्यांची सरकारदरबारी नोंदच नाही त्यांनी नोंदणी करा असा नियम कडक केलाय, १४ वर्षं आणि वरच्यांचे ठसे पण घेतात, म्हणून तुम्हाला चौदा आकडा दिसला आणि तुम्ही दोन्ही जोडलंत. तसं मूळ दोन्हीचं एकच आहे म्हणा. १९४० साली महायुद्धाच्या धामधुमीत यांनी परदेशी लोकांच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हा लोक पोस्ट ऑफिसात जाऊन ठसे देत होते, आणि चौदा वर्षांची अट तेव्हापासूनची. चौदाच का, ते मला विचारू नका. आणि कार्ड सतत जवळ बाळगायची सक्ती १८ वर्षांपासून आहे, सईला अजून नाही, नाहीतर ही पोरगी ते पहिल्याच आठवड्यात जिमच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये धुऊन काढेल.

आता खरी गंमत म्हणजे आम्ही हे जवळपास विसरलोच होतो. ९ ऑगस्टला वाढदिवस झाला, पिझ्झा झाला, मैत्रिणी रात्री राहिल्या, मग शाळेची खरेदी, मग गणपती. गणपतीत मंडळाच्या मोदकांना आम्ही पाचसहा जणी जमलो होतो, हात उकडीत बुडालेले, आणि शेजारची एक जण सहज म्हणाली सईला चौदा पूर्ण झाली ना गं, मग आय-९० भरलास का? माझ्या हातातला मोदक तिथेच फुटला. कुणी पत्र पाठवून आठवण करत नाही हो, आपणच लक्षात ठेवायचं. कार्डावर तर २०३२ तारीख आहे, मग माणूस कशाला बघायला जातो. घरी येऊन जावईबापूंना सांगितलं तर ते म्हणाले "कार्ड तर दहा वर्षांचं आहे, तुला कुणीतरी काहीतरी सांगतं", मग दोघांनी सरकारी साइटवर वाचलं आणि ते गप्प झाले. मग रात्री दीड वाजेपर्यंत बसून फॉर्म ऑनलाइन भरला. कार्डाच्या पुढच्या मागच्या बाजूचे फोटो जोडले. फी काही लागली नाही, कारण तिचं कार्ड सोळाव्या वाढदिवसानंतर संपणारं आहे आणि आम्ही मुदतीत भरला. एरवी ऑनलाइन नूतनीकरणाला ४१५ डॉलर पडतात, ते वाचले म्हणून जावईबापू दोन दिवस खुशीत होते, जसं काही यांनीच तारखा लक्षात ठेवल्या होत्या.

दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात ठसे द्यायला बोलावलं. नेमका त्याच दिवशी तिचा गणिताचा पेपर, त्यावरून घरात तोंडं फुगली, शेवटी बाईंना ईमेल केला. आणि सहीचा आणखी एक घोळ. हिला सहीच नव्हती! पासपोर्टवर हिने वहीवर नाव घालतात तसं नाव लिहून ठेवलंय, ती काय सही म्हणायची. मग आठवडाभर किराणाच्या बिलांमागे, वर्तमानपत्राच्या कडेला, फ्रिजवरच्या यादीवर सह्यांचा सराव चालला होता. मी म्हटलं साधी इंग्रजीत कर, फर्राटेदार. ती काही बोलली नाही.

ऑफिस म्हणजे एका दुकानांच्या रांगेतला हॉल, खुर्च्या, टोकन, आणि भिंतीवर मोबाइल बंद ठेवा. बाबा, मला तुमचं निबंधक ऑफिस आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही एखाद्या म्हाताऱ्या आजींचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवायचात आणि मग कागदावर हलकेच डावीकडून उजवीकडे फिरवायचात, आणि शेजारी लिहायचात निशाणी डावा अंगठा. इथे शाई नाही, काचेवर बोट ठेवायचं, पण तो माणूस बोट धरून फिरवतो अगदी तस्संच. सईचे हात कोरडे, तीन बोटं मशीन घेईचना. त्याने ओल्या फडक्याने पुसली, परत, मग परत. ती वळून माझ्याकडे बघायला लागली तर तो म्हणाला इकडे बघ, आईकडे नाही. मी मागच्या खुर्चीवर पर्स धरून बसले होते. आजवर प्रत्येक फॉर्मवर तिच्या नावापुढे पालक म्हणून माझी सही गेलीय, या फॉर्मवर पहिल्यांदा तिची स्वतःची आहे.

मग सही. छोटीशी काळी पाटी आणि दोरीला बांधलेलं पेन. तिने लिहिलं "सई". मराठीत. त्या गुळगुळीत काचेवर शिरोरेषा मधेच तुटली आणि ई वरचा तो तुरा चौकटीच्या बाहेर गेला. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता हा परत करायला लावणार. त्याने विचारलं तू नेहमी अशीच सही करतेस? ती बिनदिक्कत हो म्हणाली. नेहमी कसलं, कालपासून! त्याने मान डोलावली आणि पुढचा नंबर घेतला. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणते आबा करतात तशी केली. तुम्ही तिच्या वाढदिवसाच्या कार्डावर सही करता ना, ती बघून. सही इंग्रजीतच हवी असा नियम नाही, मी घरी येऊन परत वाचून खात्री केली, तेव्हा काळजी नको.

नवीन कार्ड यायला काही महिने लागतील. तोपर्यंत जुनं हातातच आहे, २०३२ पर्यंत चालू, सोबत फॉर्म मिळाल्याची पावती ठेवू. तिचा भारतीय पासपोर्ट पण ताजा आहे, लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो म्हणून गेल्या वर्षीच केला. सगळे कागद एका फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर माझ्या हातातल्या बॅगेत. आई, झालं समाधान?

बाबा, तुम्ही मेसेजच्या शेवटी हळूच विचारलंयत की पुढे काय. २०२७ मध्ये आम्हाला पाच वर्षं पूर्ण होतात, मग नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आमच्यापैकी एकाने जरी घेतलं तरी सई अठराच्या आत असल्यामुळे आपोआप अमेरिकेची नागरिक होते, आणि मग भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो. अजून ठरलेलं नाही. ह्यांचं एक मत, माझं रोज वेगळं. समोरासमोर बोलू, गच्चीवर. आमचं नशीब बघा, २०२० च्या ऑक्टोबरात ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या तारखा अचानक पुढे सरकल्या आणि आमचा अर्ज आत गेला, माझ्या ऑफिसातल्या एकीचा नंबर अजून आला नाही आणि तिचा मुलगा पुढच्या वर्षी एकवीसचा होतो, म्हणजे आईबापाच्या अर्जातून बाहेर. ती बिचारी माझ्यासमोर या कार्डाचं नाव काढत नाही, मी पण काढत नाही.

१२ डिसेंबरला पहाटे मुंबईत उतरतो, दुपारपर्यंत साताऱ्यात. आई, कंदी पेढे आत्तापासून आणून ठेवू नकोस, गेल्या वेळी दगड झाले होते. बाबांच्या शुगरच्या गोळ्या संपत आल्यात असं दादा म्हणत होता, त्या आणल्या का ते कळव.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, सई विचारतेय, तुमच्या ऑफिसात कुणाचा अंगठा उमटलाच नाही तर तुम्ही काय करायचात?