जनतेचा नकार आणि युरोपीय संघ

महोदय,

युरोपीय संघाने राष्ट्रवादावर मात केली, तेव्हा दक्षिण आशियानेही त्याच वाटेने जावे, असा सूर आपल्याकडील लेखांतून वारंवार ऐकू येतो. दोन महायुद्धांत होरपळलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने आपला कोळसा व पोलाद एका सामायिक व्यवस्थेखाली आणले, ही गोष्ट मोठीच आहे आणि तिचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्या पायावर पुढे जे उभे राहिले, त्यात मतदाराच्या नकाराला किती जागा आहे, हे त्या लेखांत क्वचितच तपासलेले दिसते.

मे २००५ मध्ये फ्रान्सच्या सुमारे ५५ टक्के मतदारांनी संघाच्या प्रस्तावित राज्यघटनेला सार्वमतात नकार दिला आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सने त्याहून मोठ्या बहुमताने तोच कौल दिला. त्यानंतर मसुदा मागे पडला खरा, पण त्यातील बहुतेक तरतुदी २००७च्या लिस्बन करारात परत आल्या, आणि या वेळी दोन्ही देशांत मतदारांना न विचारता संसदेतूनच संमती घेण्यात आली. तरतुदी जवळपास त्याच आहेत, हे मूळ मसुदा तयार करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांनीच तेव्हा लिहून मान्य केले होते. लिस्बन करारावर एकट्या आयर्लंडने सार्वमत घेतले; जून २००८ मध्ये तेथील जनतेने करार नाकारला, तेव्हा काही हमी देऊन, मात्र कराराच्या मजकुराला हात न लावता, सोळा महिन्यांच्या आत पुन्हा मतदान घेण्यात आले. होकार मिळाल्यावर तिसऱ्यांदा विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. ग्रीसमध्ये तर जुलै २०१५ मध्ये ६१ टक्के मतदारांनी कर्जाच्या अटी फेटाळल्या आणि अवघ्या आठवडाभरात त्यांच्याच सरकारला संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्समध्ये कठोर अटी मान्य कराव्या लागल्या. या घटनाक्रमाला मी तरी लोकशाही म्हणू शकत नाही.

नेतृत्वाची निवडही अशीच दूरस्थ आहे. २०१९च्या युरोपीय निवडणुकीत प्रमुख गटांनी युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाच्या, अध्यक्षपदाचे उमेदवार जाहीर केले होते. त्यांपैकी एकालाही पद न देता सदस्यदेशांच्या प्रमुखांनी उर्झुला फॉन डेर लायन यांचे नाव पुढे केले आणि युरोपीय संसदेने ते अगदी थोड्या मताधिक्याने मंजूर केले. आपला पंतप्रधानही थेट जनता निवडत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या खासदाराला निदान खासगी विधेयक मांडता येते. युरोपीय संसदेच्या सदस्याला कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकारच नाही, तो जवळजवळ सर्वस्वी आयोगाच्या हाती आहे. याच अध्यक्षांनी लसखरेदीच्या काळात फायझर कंपनीच्या प्रमुखांना पाठवलेले मोबाइल संदेश एका वृत्तपत्राने मागितले असता आयोगाने ते दिले नाहीत, आणि मे २०२५ मध्ये संघाच्याच न्यायालयाला तो नकार रद्द ठरवावा लागला. माहिती अधिकाराचा अर्ज हाती घेऊन कार्यालयांचे उंबरे झिजवलेल्या मराठी वाचकाला यातील गांभीर्य वेगळे सांगायला नको.

कोकणालाही या व्यवस्थेचा अनुभव आहे. मे २०१४ मध्ये संघाने भारतीय आंब्यावर आणि कारली, पडवळ, वांगी यांसारख्या भाज्यांवर बंदी घातली. मालात कीड सापडली होती, हे मान्यच करायला हवे. पण तेव्हा संघाचा सदस्य असलेल्या ब्रिटनमधील व्यापारी आणि काही खासदार आवाज उठवत असताना तेथील संसदेला स्वतःच्या बाजारपेठेपुरताही तो निर्णय एकट्याने फिरवता येत नव्हता.

दक्षिण आशियासाठी असाच संघ सुचवणाऱ्या लेखकांनी आपल्या पुढील लेखात, त्या संघाच्या प्रमुखाला पदावरून दूर करण्याचा अधिकार येथील मतदाराकडे कोणत्या मार्गाने राहील, एवढे तरी स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे