हेल्मेटच्या आतला थर्माकोल मुलांना दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येते. प्रभातफेऱ्या निघतात, घोषवाक्ये रंगतात, आणि हेल्मेट का घालायचे असे विचारले की मुले एकच उत्तर देतात : पोलीस पावती फाडतात म्हणून. खरे उत्तर नववीच्या विज्ञानात, गतीच्या नियमांत आहे; पण ते परीक्षेपुरते उरते. धुळ्यावरून मुंबई-आग्रा आणि जळगाव-भुसावळवरून सुरत-नागपूर महामार्ग जातो. तो ओलांडून शाळेत येणाऱ्या पोरांसाठी आपल्या शाळांनी अभियानातला एक तास प्रयोगाला द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

सगळा खेळ आहे तो थांबायला मिळणाऱ्या अंतराचा. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. तिथून पडलेले डोके ५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर १५०० भागिले ५ : डोक्यावर त्याच्याच वजनाच्या सुमारे ३०० पट जोर. मध्ये हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलसारखा २५ मिमी चुरडणारा थर आला, तर हाच आकडा ६० वर येतो. वेग सारखा घटत गेला असे धरून केलेला हा हिशोब सहावीतले पोरही करू शकते. घसरून पडताना डोके खाली येते ते बहुतेक वेळा याच उंचीवरून, म्हणून गाडी वेगात असली तरी हेल्मेट उपयोगी पडते. समोरच्या ट्रॉलीवर थेट डोके आदळले तर मात्र गणित बदलते. ताशी ४० किमीची धडक म्हणजे सव्वासहा मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडणे. हेही मुलांपासून लपवू नये.

आता प्रयोग. पोळ्याचे बैल करतो तशी मळलेली काळी माती घ्या, तिच्या चार जाड सारख्या थाप्या करा. शेतातल्या ६३ मिमी पाइपचा अर्धा मीटर तुकडा थापीवर उभा धरून वरून २०० ग्रॅमचे लोखंडी वजन सोडा. पाइप असल्याने वजन दर वेळी त्याच जागी पडते आणि कोणाचे बोट सापडत नाही. पहिली थापी उघडी, दुसरीवर चार पदरी कापड, तिसरीवर बोटभर जाडीचा स्पंज, चौथीवर २५ मिमी थर्माकोल. प्रत्येक खड्ड्याची खोली पट्टीने मोजून फळ्यावर लिहा. स्पंज हाताला मऊ लागतो, त्यामुळे मुलांचा कौल त्यालाच पडतो. पण तो एका दमात पूर्ण दबतो आणि मार तसाच खाली जातो. थर्माकोल चुरडत चुरडत वजनाला थांबवतो आणि त्यावर वजनाचा ठसा कायमचा उमटतो. तो ठसा मुलांना बोटाने चाचपू द्या. मग त्याच ठशावर पुन्हा दोनदा वजन सोडा. आता खालच्या मातीतही खड्डा पडू लागतो. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी का बदलायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी थर्माकोलवर कडक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून बघा : ठसा उथळ पण रुंद होतो. हेल्मेटचे बाहेरचे कवच हेच काम करते.

थर्माकोलच्या एका तुकड्यावर शिक्षकांनी, खिडकी उघडी ठेवून, नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचे थेंब टाकावेत. तुकडा डोळ्यांदेखत विरघळून बसतो. पेट्रोलनेही तेच होते, आणि आपल्याकडे हेल्मेटवरचे डाग सर्रास पेट्रोलच्या बोळ्याने पुसले जातात.

मापाबाबत फार हयगय होते. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजावा. ‘पोरगं वाढतंय’ म्हणून मोठे हेल्मेट घेऊ नये. पट्टा लावून मागची कड वर-पुढे ढकलावी; हेल्मेट निघून आले तर ते रस्त्यावरही निघेल. हनुवटीखाली दोन बोटे जातील, जास्त नाही. मे महिन्यात डोक्याला जाड रुमाल बांधून त्यावर हेल्मेट चढवतात, तेव्हा मागच्या गाठीने ते वर उचलले जाते. सुती पातळ कापड, बिनगाठीचे, चालते. खरेदी करताना आयएस ४१५१ या हेल्मेटच्या भारतीय मानकाची आयएसआय खूण बघावी आणि आत हात घालून थर्माकोल आहे ना ते चाचपावे. रस्त्याकडेच्या टोपीवजा हेल्मेटांत बरेचदा नुसता स्पंज असतो.

सीटबेल्टसाठी खेळण्यातली गाडी पुरते. उतरत्या फळीच्या तळाशी वीट ठेवावी, गाडीत मातीचा माणूस बसवावा. गाडी थांबते, माणूस पुढे जातो. मग त्याला एकदा शिवणाच्या दोऱ्याने आणि एकदा रुंद नाडीने बांधावे. दोरा मातीत रुततो, नाडी रुतत नाही. म्हणून बेल्ट रुंद असतो, आणि तो पोटावर-गळ्यावर न येता कमरेच्या व खांद्याच्या हाडावर यायला हवा. पालकसभेत एक आकडा जरूर सांगावा : ताशी ४० किमीने जाणारी मोटार अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर मांडीवरच्या २० किलोच्या लेकराला धरून ठेवायला अडीचशे किलो पेलण्याइतका जोर लागतो. कितीही घट्ट धरले तरी हात सुटतात.

दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला जोडणारा पट्टा बांधणे, आणि वेग ताशी ४० किमीच्या आत ठेवणे, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. गावोगाव तो माहीतच नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या मुलासाठी मात्र कुठलेच साधन नाही, त्याला तिथे बसवूच नये.

आपल्या बालपुरवणीत पाइप आणि मातीच्या थापीची आकृती मोजमापांसह छापलीत, तर जानेवारीपूर्वी ती वर्गांच्या भिंतींवर लागेल.

आपले,
विज्ञान शिक्षक, जळगाव व धुळे जिल्हा