बाबांच्या घोरण्याबद्दल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका, पण तुमच्या झोपेच्या तपासणीची वेळ मी घेऊन टाकली आहे. विचारलं असतं तर तुम्ही "बघू" म्हणाला असता, आणि तुमच्या "बघू"चं पुढे काय होतं ते आईला विचारा.

घोरण्याची मला काळजी नाहीच. घोरता घोरता मध्येच जी शांतता पसरते, तिची आहे. मागच्या वेळी आले तेव्हा दारातून बघितलं. छाती-पोट हलत होतं, पण श्वास आत जात नव्हता. मग एकदम गचका बसून तो सुरू झाला. आई जागीच होती. रात्रभर कोपराने तुम्हाला कुशीवर वळवते आणि सकाळी म्हणते, "मला कुठे काय होतंय!"

याला स्लीप ॲप्निया म्हणतात : झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. ऑक्सिजन उतरला की मेंदू दचकून उठवतो आणि बीपी उसळतं. ज्या वेळी बीपी खाली यायचं, हृदयाला विसावा मिळायचा, नेमकं तेव्हाच ते धावत असतं. तीन गोळ्या घेऊनही तुमचं बीपी हटत नाही, रात्री लघवीला सारखं उठावं लागतं, पेपर वाचताना मान पडते, यामागे हेच असू शकतं. ईसीजीत ठोके अनियमित निघाले, त्याचाही याच्याशी संबंध असतो. यात तुमचं काही चुकलेलं नाही, सडपातळ माणसांनाही होतं हे.

दवाखान्यात झोपायचं नाहीये. पलंग तुमचा, उशी तुमची; फक्त बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी आणि छातीला पट्टा. श्वास तासाला 5 पेक्षा कमी वेळा अडला तर सहसा काळजी नाही. त्याहून जास्त निघाला, विशेषतः 30 च्या वर गेला, तर मात्र सीपॅप मशीनचं बोलू; ते मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं. मास्क हव्या त्या मापाचा मिळतो, घसा कोरडा पडू नये म्हणून पाण्याची सोय असते, आवाजही फारसा नसतो. खोटी आशा दाखवत नाही : हृदयविकार असलेल्यांच्या 2016 च्या मोठ्या अभ्यासात मशीनमुळे हार्ट अटॅक कमी झालेले दिसले नाहीत. पण ती माणसं मास्क रात्री सरासरी 3.3 तासच लावत होती! बीपी थोडं उतरतं, दिवसाची झापड जाते. मला तेवढंही पुष्कळ आहे.

लहानपणी तुमचं घोरणं ऐकू आलं की मला गाढ झोप लागायची. बाबा घरात आहेत, आता चोर यायचा नाही!

तोवर उताणं झोपायचं नाही. झोपेची गोळी मनाने घ्यायची नाही, काकांनी दिलेली तर नाहीच. बीपीची एकही गोळी चुकवायची नाही. आई, एका रात्रीचं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव, डॉक्टरांना ऐकवते. आणि तू दुपारी पडत जा, भांडी कुठे पळून जात नाहीत.

बुधवारी संध्याकाळी यंत्र घेऊन माणूस येईल. बाबा, त्याला दारातूनच परत पाठवू नका.

तुमची,
चिमी