मोठी चाके बसवताना टायरवरचे आकडेही वाचा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गाडीचे मूळ टायर झिजले की नव्या टायरबरोबर एक-दोन इंच मोठी मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची अलॉय चाकेही बसवून घ्यायची, ही पद्धत आता आमच्या सांगलीसारख्या शहरातही चांगलीच रुळली आहे. हौसेला माझी हरकत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या व्यवसायाचा निदेशक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला गाडीची हौस समजते. माझी तक्रार एवढीच आहे की दुकानात चाकाचा नमुना निवडण्यात अर्धा दिवस जातो आणि त्यावर चढणाऱ्या टायरचा निर्णय मात्र दुकानदाराच्या गोदामात काय शिल्लक आहे यावर दोन मिनिटांत उरकला जातो. प्रवाशांचा जीव ज्याच्या भरवशावर असतो तो टायर, चाक नव्हे, म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

माझ्या पुतण्याच्या छोट्या गाडीला कंपनीने १८५/६५ आर १५ मापाचे टायर दिले होते. ते झिजल्यावर त्याने शहरातील एका दुकानातून १६ इंची अलॉय व्हील घेतली आणि ‘गाडी जरा उंच दिसेल, खड्ड्यांत बरी पडेल’ या सल्ल्यावरून त्यांवर २०५/६० आर १६ मापाचे टायर चढवून घेतले. गावात आठवडाभर काहीच जाणवले नाही. पुढे घरचे पाचजण आणि सामान घेऊन तो आंबा घाटातून रत्नागिरीला निघाला, तेव्हा प्रत्येक मोठ्या वळणावर पुढच्या चाकापाशी घासल्याचा आवाज येऊ लागला. साखरप्याला थांबून पाहिले तर मडगार्डच्या आतील प्लास्टिकचे अस्तर फाटले होते आणि टायरच्या खांद्यावर ओरखडे उमटले होते. त्याने मला फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो टायरवरच्या मापाचा, आणि उत्तर ऐकताच दोष कुठे आहे ते कळले.

हे माप वाचणे अवघड नाही. १८५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्क्यांत दिलेली असते, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. १८५ चे ६५ टक्के म्हणजे सव्वाशेला थोडे कमी, नेमके १२०.२५ मिलिमीटर. शेवटचे १५ हे रिमचे, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचे, इंचातील माप, आणि १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की टायरचा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. हाच हिशेब २०५/६० आर १६ ला लावला तर व्यास ६५२.४ मिलिमीटर भरतो, म्हणजे मूळ टायरपेक्षा जवळजवळ ५ टक्के जास्त. गाडी जमिनीपासून उंचावली ती केवळ दीड सेंटिमीटर, पण त्या दीड सेंटिमीटरसाठी मडगार्डमधली मोकळी जागा संपली आणि भरल्या गाडीत स्प्रिंग दबताच टायर अस्तराला जाऊन भिडला.

घासणे निदान ऐकू तरी येते. व्यास वाढल्याचे इतर परिणाम मुकाट्याने होत राहतात. वेगदर्शक काटा आणि किलोमीटरची नोंद ही दोन्ही चाकाच्या फेऱ्यांवरून निघतात, त्यामुळे चाक मोठे झाले की प्रत्येक फेरीला गाडी जास्त अंतर कापते, पण गाडीला ते कळत नाही. नव्या गाडीचा काटा वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवू नये असा नियमच असल्याने उत्पादक तो किंचित जास्तीकडेच ठेवतात. ५ टक्के मोठा टायर ही सगळी राखीव सूट गिळून टाकू शकतो. किलोमीटरची नोंदही तेवढीच मागे पडते. मीटरवर १०,००० किलोमीटर झाले तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे १०,५०० किलोमीटर धावलेली असते, आणि सर्व्हिसिंगचा हिशेब मात्र मीटरवरच चालतो. मोठी चाके लावल्यावर मायलेज पडले अशी तक्रार जे करतात, त्यांच्या तक्रारीचा काही भाग या चुकलेल्या मोजणीचाच असतो, आणि उरलेला भाग जड चाकांचा आणि रुंद टायरच्या वाढलेल्या घर्षणाचा. शिवाय मोठा व्यास म्हणजे गाडीचा प्रत्येक गिअर थोडा लांबवल्यासारखेच होते, त्यामुळे जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये निघत होता तिथे पहिला टाकावा लागतो.

स्टेपनीचा विचार तर फारच थोडे लोक करतात. पुतण्याच्या डिकीत मूळ १५ इंची स्टेपनी तशीच होती. पुढच्या एका बाजूला ६५२ आणि दुसऱ्या बाजूला ६२१ मिलिमीटर व्यासाचे चाक लावून गाडी लांबवर चालवली, तर वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत वळणावर असल्यासारखे फिरत राहावे लागते आणि ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला एक चाक कायम वेगळ्या गतीने फिरताना दिसते. नव्या टायरचा व्यास मूळ टायरएवढाच ठेवला असता, तर तीच जुनी स्टेपनी वेळेला निर्धास्तपणे वापरता आली असती.

तेव्हा रिम मोठा होईल तेवढी टायरची भिंत लहान व्हावी आणि बाहेरचा व्यास जिथल्या तिथे राहावा, हे मोठी चाके बसवण्याचे मूळ तत्त्व आहे. १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२०.९ मिलिमीटर येतो, म्हणजे फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी. मारुतीने बलेनोच्या खालच्या आवृत्त्यांना १८५/६५ आर १५ आणि वरच्या आवृत्त्यांना १९५/५५ आर १६ हीच जोडी दिली, ती काही योगायोगाने नव्हे. आपल्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीला कंपनी कोणते माप देते हे पाहणे हा ग्राहकासाठी सर्वात सोपा आणि सर्वात भरवशाचा मार्ग आहे, कारण त्या मापाची चाचणी उत्पादकाने स्वतः केलेली असते. ज्या गाडीला अशी वरची आवृत्ती नाही, तिच्या मालकाने कागदावर वरचा हिशेब मांडावा आणि फरक २ टक्क्यांच्या आत ठेवावा, असे माझे मत आहे. २०५/५५ आर १६ हे बाजारात सहज मिळणारे माप या मर्यादेत बसते, पण ते रुंद असल्याने मडगार्डपाशी जागा आहे का, हे चाक पूर्ण वळवून आणि गाडीत माणसे बसवून पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

मापाइतकाच महत्त्वाचा, आणि दुकानात जवळजवळ कधीच न उच्चारला जाणारा आकडा म्हणजे मापापुढे लिहिलेला भारांक. ‘८८ एच’ असे लिहिले असेल तर ८८ हा सांकेतिक क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ एका टायरची क्षमता ५६० किलो, तर ‘एच’चा अर्थ ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. ८७ म्हणजे ५४५ किलो, ८४ म्हणजे ५०० आणि ९१ म्हणजे ६१५. आता हौस १७ इंचांपर्यंत गेली आणि २०५/४५ आर १७ टायर घेतला, तर व्यास ६१६.३ मिलिमीटर, म्हणजे मुळाच्या अगदी जवळ येतो आणि सगळे बरोबर आहे असे वाटते. पण या मापाच्या साध्या टायरचा भारांक ८४ असतो. मूळ टायर ८८ चा असेल तर मागच्या आसाची क्षमता त्यामुळे दोन टायर मिळून १२० किलोने घटते. गाडीत मागे बसणारी माणसे तेवढीच राहतात, कदाचित लग्नसराईत एखादे वाढतेही, आणि टायरची जोडी मात्र दोन माणसांच्या वजनाने दुबळी झालेली असते. टायर उन्हात, वेगात आणि भरल्या गाडीत का फुटतो याची कारणे शोधताना कमी हवेबरोबर ही गोष्टही तपासली गेली पाहिजे.

यावर ‘एक्सएल’ म्हणजे जादा भाराचा टायर हा उपाय आहे, परंतु तो अर्धवट समजून घेतला तर उपयोगाचा नाही. साधा टायर आपली पूर्ण क्षमता साधारण ३६ पीएसआय हवेला देतो, एक्सएल टायर मात्र सुमारे ४२ पीएसआयला. याचा अर्थ सरसकट ४२ हवा भरावी असा नाही, पण जुन्याच दाबावर एक्सएल टायर टायरवर छापलेले पूर्ण वजन पेलेल असे समजणे चूक आहे. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरचा हवेचा दाब मूळ मापासाठी दिलेला असतो, म्हणून माप बदलल्यावर नवा दाब टायर उत्पादकाच्या कोष्टकातून घ्यावा आणि तो बिलावर लिहून मागावा. आम्ही पुतण्याच्या गाडीला शेवटी १९५/५५ आर १६ मापाचे जादा भाराचे टायर घातले आणि दाब त्याप्रमाणे ठरवून घेतला. त्यानंतर घाटात आवाज आलेला नाही.

१७ इंचांच्या बाबतीत माझा विरोध भारांकापुरता नाही. मूळ टायरची भिंत १२० मिलिमीटर उंच होती. १९५/५५ मध्ये ती १०७ होते आणि २०५/४५ मध्ये अवघी ९२. ही भिंत म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामधली हवेची गादी आहे. ती पातळ झाली की खड्ड्याच्या कडेवर टायर रिमच्या ओठापर्यंत चेपला जातो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. साध्या चाकाची लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ करणारे कारागीर गावोगावी आहेत. अलॉयला तडा गेला तर वेल्डिंग करून पुन्हा वापरण्याचा धोका कोणी पत्करू नये. आपल्या रस्त्यांवर, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यांचा विचार केला, तर छोट्या गाडीला एका इंचापुढे जाऊ नये असे मी अनुभवाने सांगतो. त्याच पावसाळ्याच्या दृष्टीने हेही लक्षात घ्यावे की रुंद टायर कोरड्या रस्त्यावर पकड वाढवतो, पण साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो.

चाकाबाबत थोडक्यात सांगायचे तर बोल्टच्या भोकांचे अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि ऑफसेट (चाक गाडीला जिथे टेकते ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते) ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत. मधले भोक मोठे असेल तर योग्य मापाची रिंग घालावी. ऑफसेट जुळत नाही म्हणून स्पेसर, म्हणजे मधली चकती, टाकून चाक बाहेर ढकलण्याचा उपाय बेअरिंगच्या मुळावर येतो. टायरची जन्मतारीख बाजूवर चार आकड्यांत असते. ‘३२२४’ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. मोठ्या मापांना गिऱ्हाईक कमी असल्याने ती गोदामात जास्त काळ पडून राहतात, म्हणून भरघोस सवलत दिसली की आधी हे चार आकडे वाचावेत आणि आयएसआय चिन्हही पाहावे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद झाली. म्हणूनच उत्पादकाने त्या गाडीला मान्य केलेले माप निवडणे आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवणे मालकाच्याच हिताचे आहे.

समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे आणि तेथे झिजलेल्या टायरच्या गाड्या परिवहन विभागाच्या पथकांनी अडवल्या, हे योग्यच झाले. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी हा नियम त्यामुळे लोकांच्या ध्यानात तरी राहिला. परंतु नवाकोरा, खोल नक्षीचा, पण भारांकाने अपुरा टायर या तपासणीतून सहज सुटतो. पथकाने गाडीच्या दाराजवळची पट्टी आणि टायरवरचे माप व भारांक ताडून पाहायचे ठरवले तर एका गाडीमागे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागणार नाही.

टायर विक्रेत्यांना माझी विनंती आहे की मापबदल करून देताना जुने आणि नवे माप, दोन्हींचा व्यास, दोन्हींचा भारांक आणि हवेचा नवा दाब बिलावर लिहून द्यावा. ग्राहकाला मागण्याची वेळ येऊ नये. आणि आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर चाकांची छायाचित्रे येतातच, त्यांच्या शेजारी भारांकाचे छोटे कोष्टक आणि व्यास काढण्याचे सूत्र एकदा छापावे, शक्यतो पावसाळ्याच्या आधी, कारण पुष्कळ लोक टायर त्याच सुमारास बदलतात. असे कोष्टक विनामूल्य तयार करून देण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
सांगली