सगळे ग्रीक लोकशाहीवादी नव्हते

संपादक महोदय,

‘ग्रीक लोकशाही’ हा सरसकट वापरला जाणारा शब्द खटकतो. ग्रीसमध्ये शेकडो नगरराज्ये होती, प्रत्येकाचा कारभार निराळा.

अथेन्सची ५०० जणांची परिषद दहा गणांतून प्रत्येकी ५० अशी चिठ्ठ्यांनी निवडली जाई. वय किमान ३०, आयुष्यात फार तर दोन वर्षे. इ.स.पू. चौथ्या शतकात न्यायसभेच्या निवडीसाठी दगडी यंत्र होते. उभ्या शिळेवर खाचांच्या रांगा, खाचांत नागरिकांच्या नावांच्या पट्ट्या आणि कडेच्या नळीतून पडणारी एकेक गोटी. पांढरी पडली की अख्खी आडवी ओळ निवडली, काळी पडली की बाद. वशिला लावणार तरी कुठे? सेनापती मात्र मतदानाने निवडत आणि ते योग्यच होते. स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी यांना यात स्थान नव्हते, हा दोष मोठाच.

स्पार्टात दोन राजे आणि साठी उलटलेले २८ ज्येष्ठ. ज्येष्ठांची निवड आरोळ्यांवर: परीक्षक बंद खोलीत बसून कोणासाठी गलका मोठा, ते ठरवत. ॲरिस्टॉटलने या पद्धतीला पोरकट म्हटले, ते पटते. वर हे पद तहहयात, त्यामुळे चुकीचा माणूस बसला की बसला.

– एक वाचक