विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी राजारामपुरीत गेली २२ वर्षे लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि स्मरणिका यांच्या अक्षरजुळणीचे काम करतो. आमच्यापैकी बहुतेकांनी वर्गात बसून नव्हे, तर एकमेकांना विचारून संगणक आत्मसात केला. पूर्वी शेजारच्या छापखान्यात विचारायचो, आता व्यावसायिकांच्या ऑनलाइन गटात विचारतो. या विचारपुशीला अलीकडे लागलेल्या वळणाविषयी हे पत्र आहे.

एका संस्थेच्या स्मरणिकेचा पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्राममधील जुना मजकूर मला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, करून द्यायचा होता. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती आधी दिसली तरी साठवली जाते व्यंजनानंतर, आणि रफाराचे नेमके याच्या उलट असते. त्यामुळे रूपांतरानंतर जोडाक्षरांचे शब्द जागोजागी मोडले होते. मी गटात प्रश्न टाकला, तेव्हा पहिल्या तासाभरातील एकही उत्तर वेलांटीबद्दल नव्हते. एकाने पानजुळणीचे इनडिझाइन घ्या म्हटले, दुसऱ्याने विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली आणि पानजुळणीचे मोफत स्क्रायबस सुचवले, आणि मग त्या दोघांचीच जुंपली.

रात्री सोलापूरच्या एका मुद्रकाचा फोन आला. आमची पूर्वीची ओळख नव्हती. त्यांनी नमुन्याचे एक पान मागवले, शोधा-बदला कोणत्या क्रमाने करायचे ते सांगितले आणि काम सुटेपर्यंत तासभर फोनवर राहिले. ते स्वतः लिबरऑफिस या लेखनाच्या मोफत प्रोग्रामचे कट्टर समर्थक आहेत, हे मला काम संपल्यावरच कळले.

मतभेद नसावेत असे मी म्हणत नाही. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ची आहे आणि त्यात युनिकोड चालत नाही. ते सोडा म्हणणाऱ्यांचे बरोबरच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे लिनक्सचा विचारही व्हायलाच हवा. परंतु ज्याची विकत घेतलेली मराठी फॉन्टप्रणाली केवळ विंडोजसाठी केलेली आणि हार्डवेअर लॉकला, म्हणजे संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीला, बांधलेली आहे, आणि ज्याच्या दारात उद्या पत्रिका नेणारे वधुपिता उभे राहणार आहेत, त्याला त्या रात्री हा सल्ला देऊन काय साधते? ज्या लिनक्सची उभारणी १९९१पासून अनोळखी माणसांनी एकमेकांना साहाय्य करत केली, त्याच्याच नावाने मदत मागणाऱ्याला हिणवले जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजच्या एका भगिनींनी विचारले होते की, कोरलड्रॉ या रेखाटनाच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठीची जोडाक्षरे का तुटतात. त्यांना जुनी आवृत्ती वापरण्यावरून बोल लावण्यात आले आणि त्यांनी प्रश्न काढून टाकला. मी तो पाहिला तेव्हा उशीर झाला होता. हे पत्र त्यांच्या वाचनात आले तर त्यांनी मजकूर लिबरऑफिसमध्ये जुळवून त्याची पीडीएफ करावी आणि ती कोरलड्रॉमध्ये आयात करताना मजकूर ‘कर्व्हज’ म्हणून, म्हणजे अक्षरांऐवजी रेषांच्या आकृत्या म्हणून, घ्यावा. जोडाक्षरे तुटणार नाहीत. मात्र नंतर अक्षरे बदलता येत नाहीत, म्हणून मुद्रितशोधन आधीच उरकावे.

आपला नम्र,
एक अक्षरजुळणीकार, राजारामपुरी, कोल्हापूर